दोन किल्ल्यांची पेटी

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू एकट्याने उघडली नाही. मग ती महापालिकेच्या भांडार शाखेतली निविदांची पेटी असो, नाहीतर घरची लोणच्याची बरणी. दुपारच्या सुट्टीत जेवणाचा डबासुद्धा ते समोर कोणी बसल्याशिवाय उघडत नसत, आणि समोर बहुतेक वेळा मीच असायचो. "पाहून घ्या, झाकण पक्कं लागलेलं आहे," असं म्हणून ते डबा माझ्यापुढे धरायचे, मी मान डोलावली की मग झाकण निघायचं. आत भेंडी असायची. साक्षीदार म्हणून मी जितकी वर्षं दुसऱ्याची भेंडी पाहिली, तितकी वर्षं लोक स्वतःची पोरंही नीट पाहत नाहीत.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्याने थोरले, आणि नोकरीतही माझ्याआधी दोन वर्षं चिकटलेले. शहराला लागणारे खराटे, फिनाईल, गटारांवर टाकायचा चुना, रस्त्यावरच्या दिव्यांचे बल्ब, असा सगळा माल आमच्या शाखेतून खरेदी व्हायचा. ठेकेदार आपापले दर लिहून, पाकिटाला लाख लावून, ती पाकिटं एका सागवानी पेटीच्या फटीतून आत टाकायचे. ठरल्या दिवशी दुपारी तीनला सगळ्यांदेखत पेटी उघडायची आणि दर वाचायचे. पेटीला कुलपं दोन, आणि दोन किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे. क्रमांक एकची दोघांतल्या वरच्याकडे, म्हणजे साडूंकडे, क्रमांक दोनची माझ्याकडे. माझी किल्ली घरच्या जुडग्यात असायची. साडूंची त्यांच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली होती, आणि ते तिच्यासकट आंघोळ करत असत.

आता दोन्ही किल्ल्या एकाच घरातल्या जावयांकडे, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ते साडूंनीच वरिष्ठांना लेखी कळवलं. 'किल्लीधारक क्रमांक दोन हे अर्जदाराचे सख्खे साडू असल्याने जनतेत संशय उत्पन्न होऊ शकतो, तरी योग्य तो आदेश व्हावा.' साहेबांनी त्याच कागदावर तिरप्या अक्षरात शेरा मारला, 'दोघांचे पटत नाही हे सर्वश्रुत आहे. आहे ती व्यवस्था चालू ठेवावी.'

साहेबांचं चुकलं होतं ते एवढंच, की साडूंचं माझ्याशी उत्तम पटायचं. पटत नसे ते माझं. स्पष्टच सांगतो, मी त्यांच्यावर जळत होतो. आणि का जळू नये? खराट्यांचा माल आला की हा माणूस त्यातला एक घरी नेऊन स्वतःचं अंगण झाडून पाहायचा, काड्या गळल्या की गाडी परत. फिनाईलचा वास घेऊन त्यात पाणी किती ते सांगायचा. एका ठेकेदाराने संत्र्यांची टोपली मुकाट्याने टेबलाखाली ठेवली, तर साडूंनी ती भांडाराच्या नोंदवहीत 'संत्री, विनामागणी प्राप्त' अशी जमा करून दवाखान्यातल्या रोग्यांना वाटली आणि ठेकेदाराला पोच दिली. घरी भाजी घ्यायची तर तीन भाजीवाल्यांचे दर कागदावर लिहून घेतल्याशिवाय पिशवी उघडायची नाही. मुलीसाठी तीन स्थळं जमा होईपर्यंत त्यांनी पहिल्या स्थळाची पत्रिका पाकिटातून काढली नव्हती.

अशा माणसाला लोकांनी वैतागून शिव्या घालाव्या की नाही? पण नाही. तीन वाजून एक मिनिटाने धापा टाकत जिना चढणाऱ्या ठेकेदाराचं पाकीट ते परत करायचे आणि मग स्वतःच्या हाताने त्याला माठातलं पाणी द्यायचे. तो माणूस पाणी पिऊन वर नमस्कार करून जायचा. मी मात्र ठेकेदारांना पदरच्या पैशाने चहा पाजायचो, आणि ते मला 'दुसरी चाबी' म्हणायचे. सासरीही तेच. सासरे आपला पाट साडूंच्या शेजारी मांडायला लावायचे आणि मला विचारायचे, "तुमचं कसं काय चालू आहे?" जणू मी भलत्याच शहरात नोकरीला होतो.

त्यातच आमचे भांडार अधीक्षक निवृत्त व्हायला आले. त्यांच्या खुर्चीवर आम्हा दोघांपैकी एक जाणार हे नक्की होतं. बायको पोळ्या लाटता लाटता सहज म्हणाली, "भाऊजीच होतील न, दुसरं कोण आहे?" मी अर्ध्या जेवणावरून उठलो. ती खुर्ची मला हवी होती. त्याहूनही जास्त हवी होती क्रमांक एकची किल्ली. तेव्हाच माझ्या डोक्यात ते पाप शिरलं.

बल्बच्या निविदा उघडायच्या दिवशी मला ताप आला. म्हणजे, मी चिठ्ठी पाठवली की ताप आला. हिशेब सोपा होता. माझ्याशिवाय तीन वाजून गेले की साडूंच्या हातून पहिल्यांदा वेळ चुकणार. आणि त्यांनी माणूस पाठवून माझी किल्ली नेली आणि दोन्ही कुलपं एकट्याने उघडली, तर नियम मोडणार. कसंही झालं तरी साहेबांच्या कानावर घालायची सोय होत होती. एप्रिलचा महिना होता. मी पंख्याखाली बसून बायकोच्या हातच्या, कोथिंबीर भरलेल्या गरमागरम सांबारवड्या खात होतो, तेवढ्यात दाराशी सायकलरिक्षा थांबली आणि साडू स्वतः उतरले.

नागपूरच्या एप्रिलात भरदुपारी गोधडी पांघरणं काय असतं ते ज्याने पांघरली आहे त्यालाच ठाऊक. साडूंनी येऊन माझ्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलेलंच होतं, त्या दुपारी अख्ख्या गावाचं तापलेलं होतं. बायकोने ताटली पदराआड धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की खरोखरच ताप यावा. मी कण्हत उशीखालून जुडगा काढला, किल्ली सोडवली आणि त्यांच्यापुढे धरली. म्हटलं, तुम्हीच उघडा, माझ्याने उठवत नाही.

साडूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मले तुमची चाबी नाही पाहिजे," ते म्हणाले. "तुम्ही पाहिजे."

मग त्यांनी मला गोधडीसकट उठवलं आणि धरून रिक्षात बसवलं. वाटभर ते माझ्या डोक्यावर छत्री धरून होते. घामाने मी इतका भिजलो होतो की कचेरीचा शिपाई म्हणाला, ताप उतरून राहिला वाटते. तीनला दोन मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. तीनच्या ठोक्याला मी माझं कुलूप उघडलं, साडूंनी करगोटा ओढून त्यांचं. दर वाचून झाल्यावर त्यांनी रजिस्टरात आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'किल्लीधारक क्रमांक दोन अंगात ताप असतानाही कर्तव्य म्हणून वेळेवर हजर राहिले.'

ती ओळ साहेबांनी वाचली. दोन महिन्यांनी मी अधीक्षक झालो.

वाटलं होतं, आता तरी जीव थंड होईल. कसलं काय. ठेकेदारांनी मला हार घातला आणि तसेच पाठ फिरवून साडूंच्या टेबलाशी जाऊन उभे राहिले, आता कसं होईल म्हणून. साडूंनी करगोट्याची गाठ सोडून क्रमांक एकची किल्ली माझ्या हाती दिली, पोच घेतली, आणि क्रमांक दोनची करगोट्याला बांधली. महिनाभरात क्रमांक दोनचीच किल्ली खरी, पहिली नुसती नावाची, असं लोक म्हणायला लागले.

पुढे साडू निवृत्त झाले आणि शहराबाहेर बेसा गावी राहायला गेले. तेव्हा तिकडे सगळी शेतंच होती. तिथेही विहिरीवरचा पंप ते शेजाऱ्याला हाक मारून मगच चालू करायचे, असं कानावर यायचं. त्यांच्या जागी कर विभागातून एक जण आले. गांधीबागेत राहणारे, पन्नाशीचे, हसतमुख, कामाला जरा सैल. एकदा निविदा उघडायच्या दिवशी त्यांनी शेजाऱ्याच्या हाती पाकीट पाठवलं. आत किल्ली आणि चिठ्ठी, 'आज येणे होत नाही, आपणच उघडून घ्यावे.'

दोन्ही किल्ल्या माझ्या हातात होत्या. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरलो ते हेच. ठेकेदार म्हणाले, "उघडा न साहेब, आमची काही हरकत नाही." मी पेटीपुढे थोडा वेळ उभा राहिलो. मग किल्ल्या खिशात टाकून बाहेर आलो आणि रिक्षा केली. गांधीबागेत ते गृहस्थ वरणभातात हात घालून बसले होते. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मले तुमची चाबी नाही पाहिजे, तुम्ही पाहिजे." हात धुवायला लावून मी त्यांना घेऊन आलो. तीनच्या ठोक्याला पेटी उघडली. आणि रजिस्टरात मी खरं ते लिहिलं, 'किल्लीधारक क्रमांक दोन घरी जेवत असताना आढळले. त्यांना आणून पेटी उघडण्यात आली.' ती ओळही साहेबांनी वाचली. त्या गृहस्थांची वर्षाची वेतनवाढ रोखली गेली.

रविवारी मी मुद्दाम बेशाला गेलो. खोटं कशाला बोलू, मिरवायला गेलो होतो. तुमच्याइतकाच मीही पक्का निघालो, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. साडू अंगणात संत्रं घेऊन बसले होते. मी समोर बसेपर्यंत त्यांनी ते सोललं नाही. मी सगळं सांगितलं, रिक्षा, वरणभात, तीनचा ठोका. ते फाकी सोडवत ऐकत होते.

"मंग रजिस्टरात काय लिहिलं?"

मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी फाकी सोडवणं थांबवलं. मला उभ्या जन्मात त्यांनी 'तुम्ही'खेरीज काही म्हटलं नव्हतं.

"ताप लिहायचा न गा," ते म्हणाले. "तुह्या हाताले सांबारवड्यांचा वास येऊन राहिला होता. मी लिहिला का?"

आणि त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

मी पुन्हा जळलो. या वेळी मात्र त्यात राग नव्हता, नुसतं वाटत राहिलं की हे आपल्याला का सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी ते पान काढलं. ओळ खोडून वर काही लिहावं असं फार मनात होतं. पण आमच्या रजिस्टरात खाडाखोड चालत नाही, आणि तो नियमही साडूंनीच बसवलेला. पान होतं तसं मिटलं. ते रजिस्टर अजूनही भांडाराच्या कपाटात असेल. त्याच्याच खाली एक जुनं रजिस्टर आहे, आणि त्यात साडूंच्या टपोऱ्या अक्षरात माझा ताप आहे.