सामायिकाच्या खोलीतल्या बाटल्या

पहिली बाटली फुटली तेव्हा मी स्वयंपाकघरात ताक करत होते. आवाज एवढा मोठा की मला वाटलं, शेजारच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर उडाला. मग वास आला. आंबूस, फळांचा, जरासा ओल्या चामड्यासारखा. तो वास आमच्या गावात फक्त मीच ओळखू शकत होते, आणि तो सासूबाईंच्या खोलीतून येत होता.

मी मूळची साताऱ्याची. लग्न करून सांगलीजवळच्या द्राक्षं पिकवणाऱ्या जैन घरात आले आणि कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. शिकवते म्हणजे मला त्यातलं सगळं कळतं, अशी माझी समजूत होती. घरात सासूबाई, नवरा आणि मी. सासूबाई पाणी गाळून पितात आणि गाळणीच्या फडक्यात जे राहतं ते, फडकं उलटं धरून, पुन्हा विहिरीतच सोडतात, कारण जीव जिथला तिथं गेला पाहिजे. दळलेलं पीठसुद्धा त्या दिवस मोजून वापरतात. थंडीत सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. मी त्यांची थट्टा करायचे. म्हणायचे, "आई, जिवाणू काय कॅलेंडर बघून वाढतात होय?" त्या हसायच्या आणि सहाव्या दिवशी उरलेलं पीठ गाईला घालायच्या.

त्या जानेवारीत मला बीअर करायची हुक्की आली. साधी नाही, रानटी यीस्टची. पाकिटातलं यीस्ट वापरलं की काय होणार ते आधीच ठाऊक असतं. रानटी यीस्ट फळांच्या सालीवर आपलं आपण राहत असतं, आणि ते आंबवताना कोणती चव आणेल ते त्याचं त्यालाच माहीत. पण आमच्या बागेतल्या द्राक्षांवर बुरशीनाशकाची फवारणी होते, तिथं यीस्ट टिकणार कसं? फक्त विहिरीकडेला एक जुना वेल आहे. विहिरीजवळ औषध मारायचं नाही अशी सासूबाईंची सक्त ताकीद. त्या वेलाची मूठभर द्राक्षं न धुता मी सातूच्या माल्टच्या उकळून गार केलेल्या पाण्यात टाकली. तिसऱ्या दिवशी फेस आला. मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

घरी बीअर करायला परवाना लागतो, हे मला माहीत होतं. जैन घरात तर तो प्रश्नच येत नाही, हेही माहीत होतं. सासूबाईंनी विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "वेलीवर फवारायचं औषध. प्रयोग आहे." त्यांनी मान डोलावली. किती सहज खोटं बोलले मी! त्यातलं शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून मन खात नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी काचेच्या मापकावर साखरेचा आकडा दोन आठवडे जागचा हलला नाही. आंबणं संपलं असं मी ठरवलं, बारा बाटल्यांत भरलं, प्रत्येकीत चिमूटभर साखर घालून बुचं ठोकली. चूक इथंच झाली. नेहमीचं यीस्ट जे खाऊ शकत नाही, ते रानटी यीस्ट महिनोन्‌महिने सावकाश खात बसतं. थंडीत ते पेंगतं, तेव्हा आकडा थांबलेला दिसतो. ऊन वाढलं की जागं होतं आणि बंद बाटलीत वायू करत राहतं. हे मी पोरांना फळ्यावर लिहून देते.

एप्रिलात पत्रा तापला. मी कॉलेजात होते तेव्हा सासूबाई गच्चीवर वाळवण घालायला गेल्या आणि त्यांना वाटलं, पोरीचं औषध उन्हानं खराब होईल. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं दोन-दोन बाटल्या हातात घेऊन सहा खेपा केल्या आणि सगळ्या घरातल्या सगळ्यात गार खोलीत, द्राक्षाच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये नीट उभ्या केल्या. ती खोली त्यांच्या सामायिकाची, म्हणजे रोजच्या जप-ध्यानाची. मला सांगायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

म्हणून मी धावत गेले तेव्हा काय दिसलं ते सांगते. सासूबाई भिंतीकडे तोंड करून आसनावर बसलेल्या, हातात जपमाळ. पाठीमागे दोन हातांवर क्रेट. फरशीवर फेस, काचा, आणि वीतभर लांबीचा एक तुकडा त्यांच्या गुडघ्याशेजारी.

"आई, उठा! बाटल्या फुटायला लागल्यात!"

त्यांनी डोळे उघडले, काच पाहिली, मला पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. मणी पुढं सरकला.

सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं. तेवढा वेळ आसन सोडायचं नाही, बोलायचं नाही. सासरे गेल्यापासून त्यांनी ते एकदाही मोडलेलं नव्हतं. चारला बसल्या होत्या. घड्याळात चार सतरा. म्हणजे अजून एकतीस मिनिटं.

मला त्यांचा भयंकर राग आला. मग स्वतःचा आला आणि तो जास्त होता.

क्रेट उचलून बाहेर न्यावा तर हिंदकळून सगळ्याच एकदम फुटल्या असत्या. गार पाणी ओतावं तर दाबानं ताणलेली काच तडकली असती. बुचं उघडावीत तर बाटल्यांवर तोंड आणून वाकावं लागणार, आणि एक जरी हातात फुटली तर तुकडे सरळ त्यांच्या पाठीत. नवऱ्याला फोन लावला, तो बागेत, उचलेना. गावात कोणी हेल्मेट घालत नाही, म्हणून त्याचं हेल्मेट खुंटीवर होतं. ते मी डोक्यात घातलं, फवारणीचं जाड जाकीट चढवलं, दोन वाकळा आणल्या आणि श्वास रोखून क्रेटवर अलगद पसरल्या. मग कापसाची गादी उभी धरून क्रेट आणि सासूबाई यांच्यामध्ये बसले.

चार चोवीसला दुसरी फुटली. वाकळ टुणकन उडाली. मी गादी आणखी घट्ट धरली. पाठीमागून मण्यांचा आवाज येत होता, टिक, टिक, तसाच.

मी आकडेमोड करत राहिले, कारण दुसरं काही सुचेना. दहा राहिल्या. सगळ्या एकाच पातेल्यातल्या, सगळ्यांत सारखीच साखर, म्हणजे सगळ्यांवर सारखाच दाब. बाटल्या जुन्या, धुऊन वापरलेल्या. कोणाला कुठं बारीक चरा असेल ते कोण सांगणार? थंडीत सात, उन्हाळ्यात पाच. ही बाई मला सहा वर्षं समोर बसून हेच सांगत होती आणि मी कॅलेंडरचा विनोद करत होते.

चार एकोणचाळीसला तिसरी. एक तुकडा वाकळेतून निसटून गादीत रुतला. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. मणी थांबले. एक क्षण वाटलं, उठतील. उठा, आई, उठा हो. मणी पुन्हा सुरू झाले.

चार अठ्ठेचाळीसला त्यांनी माळ कपाळाला लावली, आसन गोळा केलं आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. मी त्यांना दंडाला धरून अक्षरशः ओढतच अंगणात नेलं. पाठ पाहिली, पाय पाहिले. ओरखडासुद्धा नव्हता. मी हेल्मेट न काढताच रडायला लागले.

"ते काढ आदी," त्या म्हणाल्या. "हे वेलावरचं औशद न्हाई, व्हय?"

"नाही. बीअर आहे. दारू."

त्यांनी वळून खोलीकडे पाहिलं. मग विचारलं, "जीव हायत त्यात?"

"आहेत."

"जित्ते?"

"हो. जिवंत आहेत म्हणूनच फुटतायत."

"कुटनं आणलेस?"

"विहिरीकडच्या वेलावरून."

"मग तितंच सोडून ये."

संध्याकाळी गारवा आल्यावर मी नऊ बाटल्या, वाकळ गुंडाळून, एकेक करून विहिरीकडे नेल्या. बूच सैल केलं की फेस हातभर वर उडायचा. तळाचा गाळसुद्धा धुऊन वेलाच्या बुडाशी घातला. चव घेतली नाही. सासूबाई काठावर उभ्या राहून बघत होत्या, एकही राहू नये म्हणून.

शेवटची रिकामी झाल्यावर मी म्हटलं, "आई, चुकले मी. घरात दारू केली."

"दारू हाय म्हणाली असतीस तर मी लय रागावले असते," त्या म्हणाल्या. "पर त्या बाटल्यांकडं पाठ करून बसले नसते."