क्रेनवाल्या काकांचं हेल्मेट

"काका, उचला ना! चारही लॉक मी स्वतः उघडलीत!" मी ट्रेलरपाशी उभा राहून ओरडत होतो. कंटेनरला ट्रेलरवर जखडून ठेवणारी कोपऱ्यांतली ही लॉक उघडणं माझं काम. जासईच्या यार्डातला माझा आवाज न्हावा शेव्याच्या जहाजांपर्यंत जातो. तिथले खलाशी कानात बोळे घालतात.

क्रेनवाले काका ढिम्म. सुईत दोरा ओवावा तसा कंटेनर ठेवणारा माणूस, तरी प्रत्येक उचलीआधी हेल्मेट काढून, मान खाली घालून पुटपुटणार, "प्रभू, मला कळत नाय, तू सांग." आम्ही हसायचो.

त्या दुपारी मान वर येईचना. यार्डातले कावळे गप्प झाले. वारासुद्धा थांबला. मग काकांनी इंजिनच बंद केलं. "पलीकडचं मागचं लॉक बघ."

क्रेनमधून ते दिसणं शक्यच नव्हतं. आणि मी खरं तर तीनच उघडली होती. चौथं ट्रेलरच्या ड्रायव्हरनं उघडलं असेल, असं धरून चाललो होतो. जाऊन बघतो तर लागलेलं! कंटेनरसोबत ट्रेलर उचलला जाऊन उलटला असता, केबिनमध्ये झोपलेल्या ड्रायव्हरसकट.

माझ्या अंगावर बाभळीएवढे काटे. "काका, तुमाला कसं कळलं?"

त्यांनी हेल्मेट घातलं. "मला नाय कळलं. म्हणून तर विचारलं."