कुंकू लागलेली फ्लॉपी

धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली कलाबाई बोरसेचं टेबल होतं. टेबल म्हणायचं आपलं, चार फळ्या ठोकलेल्या आणि वर मराठी टाइपरायटर. नवरा तरणाताठा गेला तेव्हा दीर म्हणाला होता, वावरात कामाला ये, दोन घास मिळतील. हिने टायपिंगची परीक्षा दिली आणि सरळ कोर्टात येऊन बसली. बाईमाणूस पुरुषांच्या गर्दीत बसतं म्हणून लोकांनी नाकं मुरडली. मुरडेनात का! नाकं मुरडणारेच पुढे प्रतिज्ञापत्रं घेऊन अक्का, अक्का करत तिच्यापुढे उभे राहिले, आणि कलाबाईची लेक शिकून पुण्याला नोकरीला लागली.

पण पन्नाशी उलटली आणि बोटांनी दगा दिला. सांधे सुजले. टाइपरायटरची कळ म्हणजे काय, प्रत्येक अक्षराला ठोसा मारावा लागतो. दिवसभर ठोसे मारून संध्याकाळी बोटं अशी ताठायची की भाकरी थापता येत नसे. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीशिवाय जिचं पोट भरत नाही, ती बाई चहात पाव बुडवून झोपायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे मशीन सोडा, नाहीतर बोटं जातील. लेक म्हणाली, आई, आता पुण्याला ये. कलाबाईला लेकीची माया कळत होती. पण टेबल सोडलं तर आपण कोण, हे तिला कळेना. त्या विचारानेच तिला रडू यायचं.

तिची तडफड पाहून लेकीने तोड काढली. तिच्या ऑफिसात नवे लॅपटॉप आले होते, जुने विकायला काढले होते. त्यातला एक तिने आईला आणून दिला. निंबाखाली वीज नाही, तिथे मोठा कॉम्प्युटर चालणार कसा? हा बॅटरीवर चालायचा आणि कळा लोण्यासारख्या मऊ. कलाबाईने बोट टेकवलं आणि अक्षर उमटलं. मात्र ते इंग्रजी होतं.

मराठीसाठी तिने सॉफ्टवेअर घेतलं. एकच फ्लॉपी, आणि अक्षरांच्या जागा अगदी तिच्या टाइपरायटरसारख्या. समोरच्या झेरॉक्सवाल्या गिरधरकडे कॉम्प्युटर आणि प्रिंटर दोन्ही होते. फ्लॉपी घालायला त्याने लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला, तर त्याला फ्लॉपीची खाचच नाही.

"अक्का, याले तर तोंडच नाही शे," गिरधर म्हणाला.

पण तो हार मानणाऱ्यातला नव्हता. त्याने सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरवर चढवलं आणि केबल जोडून तिथून लॅपटॉपवर उतरवलं. लॅपटॉपने ते घेतलं, आणि सुरू करताच अडून बसला. म्हणे, मूळ फ्लॉपी घाला. चोरून कॉपी होऊ नये म्हणून कंपनीने केलेला बंदोबस्त होता तो. फ्लॉपीची नक्कल निघत नव्हती, आणि तिच्यातलं सॉफ्टवेअर दोनच मशीनवर चढणार होतं. त्यातली एक संधी गिरधरच्या उत्साहात गेली. आता एकच उरली. गिरधर ओशाळला. "जळगावले निंबा शे, कॉम्प्युटर दुरुस्तीवाला," तो म्हणाला. "त्याच्याकडे जा. मनाथून आता हात लावणं होणार नाही."

मधे दसरा आला. खंडेनवमीला कोर्टाच्या आवारात स्टॅम्पवाले, टाइपवाले सगळे आपापली हत्यारं पुजतात. कलाबाईनेही टाइपरायटर पुसला, लॅपटॉपला झेंडूची माळ घातली. आणि जिच्यावर सगळा भरवसा, तिला कशी विसरणार? फ्लॉपीला हळदीकुंकू वाहिलं, तेही सढळ हाताने.

दसरा झाल्यावर ती पारोळ्यावरून जळगावला जाणाऱ्या एसटीत बसली. पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

निंबा आधी रेडिओ दुरुस्त करायचा, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. त्याने लॅपटॉप पाहिला, कलाबाईची सुजलेली बोटं पाहिली, आणि स्क्रू काढायला घेतले. लॅपटॉपच्या पोटातून त्याने काड्यापेटीहून थोडी मोठी डिस्क बाहेर काढली.

"निंबाभाऊ, ते काय काढलं?"

"याचा मेंदू, अक्का. लॅपटॉपला फ्लॉपी घालता येत नाही ना? मग मेंदूच माझ्या कॉम्प्युटरला लावतो, तिथे फ्लॉपी घालतो, आणि सॉफ्टवेअर चढलं की मेंदू परत जागेवर. पाहुणा मांडवात येत नसेल तर मांडवच पाहुण्याकडे न्यायचा."

डिस्क वायरवर लोंबकळत राहिली. निंबाने फ्लॉपी घातली. कॉम्प्युटर करकरला, थांबला, पुन्हा करकरला. फ्लॉपी वाचता येत नाही, अशी ओळ पडद्यावर आली. निंबाने फ्लॉपी काढून तिची पत्र्याची झडप सरकवली. आत लालभडक.

"अक्का, हाई काय शे?"

कलाबाईने मान खाली घातली. "कुंकू. नवमीले पूजा कयी मी."

ती वाट पाहत राहिली, हा आता हसेल किंवा ओरडेल. निंबाने नुसतं टेबलाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे तारा जोडायच्या त्याच्या सोल्डरिंगच्या हत्याराच्या मुठीवर कुंकवाचा सुकलेला टिळा होता.

मग त्याने फ्लॉपीचं कवच ब्लेडने उकललं. आतली काळी चकती स्पिरिटच्या कापसाने पुसली, एका रिकाम्या फ्लॉपीच्या कवचात बसवली आणि चिकटपट्टी लावली. चकतीवर ओरखडा उठला असता तर संपलंच होतं सगळं. कलाबाईने डोळे मिटून कानबाई देवीला हाक मारली.

या वेळी करकर थांबली नाही, चालत राहिली. मग निंबाने मेंदू जागेवर बसवला, स्क्रू आवळले आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. "चढलं. फ्लॉपीतली शेवटची संधी संपली, पण आता तिचं कामही नाही. लिहा."

कलाबाईने सवयीने ठोसा मारायला बोट उचललं आणि अलगद टेकवलं. पडद्यावर 'क' उमटला. मग 'ला'. तिने पदर डोळ्यांना लावला आणि निंबाला म्हणाली, "गाव तुझं कोणतं रे भाऊ? दिवाळीले येशील बहिणीकडे."

दुसऱ्या दिवशी कोर्टातल्या कडुनिंबाखाली शिंदखेड्याचा म्हातारा आपलं प्रतिज्ञापत्र सांगत बसला. सांगता सांगता थांबला. "अक्का, आवाज तर येत नाही शे. लिखतीस ना?"

"लिखस मी, आबा. तुम्ही सांगा."

लिहून झाल्यावर लॅपटॉप काखोटीला मारून ती गिरधरकडे गेली, प्रिंटरला जोडून कागद काढला, आणि आबांनी चष्मा पुसून तो निरखून पाहिला. दिवसभर असंच चाललं.

संध्याकाळी घरी येऊन तिने चूल पेटवली. कळण्याचं पीठ परातीत घेतलं, मळलं, आणि बोटं उघडून गोळ्यावर ठेवली. शेजारच्या झुंबरबाईला भिंतीपलीकडून किती दिवसांनी थापण्याचा आवाज आला, तशी ती पाहायला आली. कलाबाईने तिला तव्यावरची पहिली भाकरी दिली.