लोटा नदीत गेला नाही

२ मार्च २०२४ रोजी सकाळी वासंतीवहिनींनी वायकाटो नदीकाठच्या मर्सरच्या धक्क्यावर बोटीच्या जागेचं थकलेलं भाडं, एक हजार एकशे सत्त्याऐंशी डॉलर चाळीस सेंट, भरलं आणि मालकाला सांगितलं, की बोट आजच जाईल. त्यांच्या नवऱ्याचं, रवींद्रचं, तेरावं नुकतंच झालं होतं.

बोट रवींद्रने स्वतः बांधली होती. नोकरीनिमित्त वर्षभर इंग्लंडला होता, तेव्हा तिथल्या कालव्यांतल्या लांबट, अरुंद बोटी त्याच्या डोक्यात बसल्या त्या बसल्याच. वायकाटो नदी म्हणजे काही कालवा नव्हे; पण इंजिनिअर माणसाला हे सांगणार कोण? निवृत्त झाल्यावर त्याने शेडमध्ये पोलादी पत्रे वाकवले आणि बोट पाण्यात सोडली. ती हॅमिल्टनला, घराजवळ आणायचं तेवढं राहून गेलं. ‘मी गेलो की माझ्या अस्थी हिच्यातूनच नदीत सोडा,’ असं तो जेवताना सहज म्हणून जायचा.

धाकटा भाऊ श्रीनाथ अप्पर हट गावाहून आला होता, तो हे शब्द मनात घट्ट धरून. भावाची शेवटची इच्छा पुरी झाली नाही, तर आपण भाऊ म्हणून कमी पडलो असं त्याला आयुष्यभर वाटलं असतं. पुण्याच्या गुरुजींची सकाळ म्हणजे इथली दुपार, हे जमवून त्याने रविवारी व्हिडिओ कॉल ठरवला होता. वहिनींना विचारलं, तेव्हा त्या ‘वाटेत बघू’ एवढंच म्हणाल्या. श्रीनाथने त्याचा अर्थ होकार असा घेतला.

वहिनी बोट चालवतील यावर त्याचा विश्वासच नव्हता. पण पहिल्याच दिवशी त्याची खात्री पटली. साठी ओलांडलेली ही बाई पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, डोक्याला जुनी टोपी अशी सुकाणूचा दांडा कमरेशी धरून उभी राहिली, आणि प्रवाहाविरुद्ध बोट अशी शांतपणे नेत राहिली, जणू आपल्या औषधांच्या दुकानातल्या कपाटांमधून चालते आहे. लेक जुई हॅमिल्टनच्या इस्पितळात नर्स. ती दोरखंड आणि चहा सांभाळत होती. अस्थींचा तांब्याचा लोटा लाल फडक्यात बांधून वहिनींनी बाहेर, बोटीच्या अगदी पुढच्या टोकाला, नाळेला, अडकवला होता. श्रीनाथने तो आत, स्वयंपाकाच्या ओट्यावर आणायचं सुचवलं, कारण उन्हाने तापेल. त्यावर वहिनी म्हणाल्या, “भावजी, अस्थी कधी घरात घेतात का? झाडाला टांगतात. इथे झाड नाही, तर ही नाळ.”

रविवारी दुपारी हंटलीच्या अलीकडे त्या पोळ्या लाटायला आत गेल्या आणि सुकाणू श्रीनाथकडे आलं. त्याने वळणावर जवळचा रस्ता धरला, आतल्या बाजूने. तिथेच वाळू साचते. बोट हलकेच कुरकुरली आणि थांबली. त्याने इंजिनाला जोर लावला, तेव्हा वहिनी पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

“आता ती अजून खोल बसेल. राहू द्या. कुणीतरी येईल.”

“बाबांनी पण हेच केलं असतं,” जुई काकाला म्हणाली, “फक्त दोन शिव्या जास्त.”

तेवढ्यात फोन वाजला. गुरुजी पडद्यावर प्रसन्न मुद्रेने आले. श्रीनाथला वाटलं, अडकलो ते बरंच झालं. भोवती नदी आणि वेळही ठरलेली. त्याने लोटा सोडून हातात घेतला.

“भावजी, तो खाली ठेवा.”

आवाज चढलेला नव्हता. श्रीनाथ म्हणाला, की ही दादाची इच्छा होती, आणि तुम्ही तेव्हा नाही म्हणाला नव्हता.

“तेव्हा लोकांसमोर तुम्हाला मोडता घालायचा नव्हता. मी हंटलीच्या फार्मसीत जन्म काढला. या नदीला इथली मूळची माणसं आपला पूर्वज मानतात, आणि तिच्यातलंच खातात. खालच्या अंगाला ईल माशांचे पिंजरे लावलेले दिसले ना? आपल्या पिण्याच्या हंड्यात पाहुण्याने राख ओतली तर? यांनी नदी म्हटलं, कारण यांना ती आवडायची. इथल्यांना विचारायचं राहिलं. ते आता मला करावं लागतंय, आणि मला काही सोपं जात नाहीये.”

मग त्यांनी फोन घेतला आणि मातीत पुरलेलं चालतं का, हे गुरुजींना सरळ विचारलं. गुरुजी आधी वाहतं पाणी उत्तम म्हणाले. मग म्हणाले, की अस्थी कुंभात घालून जमिनीत पुरण्याची फार जुनी रीत आहे खरी. मंत्र मी सांगतो.

श्रीनाथच्या छातीवरचं ओझं तिथे उतरलं नाही. ते उतरलं तासाभराने. किनाऱ्यावरून एक म्हातारी आणि तिचा भाचा छोट्या मोटारबोटीतून आले. म्हातारीचं नाव मेरे. तिची रक्तदाबाची औषधं वर्षानुवर्षं वहिनींनीच दिलेली. ‘किया ओरा’ असा नमस्कार करत ती बोटीवर चढली, तिने वहिनींच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं, आणि रवींद्रसाठी आपल्या भाषेत काही म्हटलं. मग तिची नजर नाळेवर पुन्हा टांगलेल्या लाल फडक्याकडे गेली. ते काय आहे, हे जुईने सांगितलं.  अन्नापासून लांब ठेवलंत, हे बरं केलंत, मेरे म्हणाली, आमच्यातही तसंच. पिंजऱ्यांच्या वरच्या अंगाला अस्थी सोडायचं चाललं होतं, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायची वेळच वहिनींनी येऊ दिली नव्हती. श्रीनाथ खाली मान घालून दोर सोडवत राहिला.

भाच्याने दोर लावून बोट वाळूवरून ओढून काढली. सोमवारी संध्याकाळी ती हॅमिल्टनच्या धक्क्याला लागली. पुढच्या शनिवारी हॅमिल्टनमधल्याच रोटोटुनाच्या घरामागे, रवींद्रने लावलेल्या फिजोआच्या झाडाखाली, श्रीनाथने स्वतः खड्डा खणला आणि वहिनींनी लोटा मातीत ठेवला.

मेरेच्या भाच्याने पेट्रोलचे पैसे तेव्हा घेतले नाहीत, पुढच्या खेपेला द्या म्हणाला. ते तीस डॉलर अजून द्यायचे आहेत.