बंद जिनिंगचा ग्राफ

मंगळवारी दुपारी मलकापूरच्या ऑफिसात बसले होते. समोर स्क्रीन, स्क्रीनवर चाळीस ग्राहकांचे चाळीस ग्राफ... आणि कानाला सुनंदाताईंचा फोन.

सुनंदाताईंची अभ्यासिका आहे. भरतीची तयारी करणारी मुलं तिथं बसून ऑनलाइन टेस्ट देतात. आमची छोटी इंटरनेट कंपनी त्यांना कनेक्शन देते, आणि लाइन नीट चालते की नाही यावर नजर ठेवणं हे माझं काम.

तीन आठवडे त्या सांगत होत्या, टेस्ट मध्येच अडकते. तीन आठवडे मी ग्राफ बघून सांगत होते, लाइनवर एकही चूक नाही, आमच्याकडे सगळं ठीक दिसतंय. तेवढ्या दिवसांत आठ मुलं अभ्यासिका सोडून गेली होती.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदाच टेस्ट चालू असताना फोन केला.

"मॅडम, पंधरा पोरं बसून राह्यली इथं. सगळ्याइच्या स्क्रीनवर नुसतं गोल फिरून राह्यलं. तुमचा ग्राफ काय म्हणते?"

रेषा सपाट होती. "काहीच चालू नाही म्हणतोय," मी म्हणाले.

"मंग हे पंधरा जण काय भुतं होय का?"

मला हसता आलं नाही. पंधरा मुलं बसलीत, आणि रेषा जराही हलत नाही...

नेटवर्कच्या यंत्राला काही विचारायचं, तर त्या गोष्टीचा पत्ता आकड्यांत द्यावा लागतो. एक टिंब तीन टिंब सहा टिंब एक... असा लांबत जाणारा. त्याला ओआयडी म्हणतात. यंत्र किती तापलं याचा वेगळा, कुठल्या पोर्टमधून किती डेटा गेला याचा वेगळा. शेवटचा आकडा त्या पोर्टचा, म्हणजे एका ग्राहकाची तार जिथं जोडतात त्या जागेचा. यंत्र फक्त विचारलेल्याचं उत्तर देतं... आपण कोणाला विचारतोय, हे ते आपणहून सांगत नाही.

आणि मला बाबांची आठवण झाली.

बाबा शेगावला टेलिफोनचे लाइनमन होते. खांबावरच्या डब्यात तारांचा गुंता असायचा; एका घराला दोन तारांची जोडी, आणि प्रत्येक जोडीला नंबर. बाबांचा त्या नंबरांवर विश्वास नव्हता. डब्यात हात घातला की बंद करण्याआधी ते प्रत्येक जोडीवर फोन लावून समोरच्याला नाव विचारायचे. नाव ऐकलं की मगच पुढची जोडी.

आमच्या गल्लीतल्या डब्याची शेवटची जोडी आमच्याच घरची. घरी फोन वाजायचा. आई उचलायची. पलीकडून बाबा विचारायचे,

"कोण बोलून राह्यलं?"

"मीच होय. दुसरं कोण राहीन?"

"तू होय हे समजलं मले. तार कोणाच्या घरात आली ते सांग. पूर्ण नाव."

आई एरवी बाबांचं नाव कधी घेत नसे. "अहो", "ऐकलं का", फार तर "हिचे बाबा". पण त्या फोनवर घ्यावंच लागायचं. ती दाराकडे एकदा बघायची आणि भरभर म्हणून टाकायची, "कमल वामन ठोंबरे." पलीकडून बाबा शांतपणे म्हणायचे, "बरोबर हाय. ठेव." आई फोन ठेवायची, आणि नंतर बराच वेळ उगाचच भांडी आवरत राहायची.

"ताई," मी फोनवर म्हणाले, "सगळ्यांना दोन मिनिटं थांबवा. मग एकाच कॉम्प्युटरवर एक मोठा व्हिडिओ लावा."

त्यांनी लावला. 'अभ्यासिका' लिहिलेली रेषा सपाटच राहिली. खाली, जिकडे मी महिनोन् महिने बघितलंही नव्हतं, तिथं एक रेषा वर चढली. तिच्यावर नाव होतं 'जिनिंग'.

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना; तो उन्हाळ्यापासून बंद आहे. नवा कापूस येईपर्यंत तिथं कोणी नसतं.

महिन्याभरापूर्वी मीच जुनं यंत्र काढून नवं बसवलं होतं. नव्यानं पोर्ट वेगळ्या क्रमानं मोजले. मी आकडे जुनेच ठेवले... त्यात अभ्यासिका आणि जिनिंगची अदलाबदल झाली. ज्या रेषेकडे बघून मी तीन आठवडे 'सगळं ठीक आहे' म्हणत होते, ती बंद कारखान्याची शांतता होती.

खऱ्या पोर्टला विचारलं, तर चुकांचा आकडा सारखा वाढत होता. अभ्यासिकेच्या भिंतीवरचा कनेक्टर गंजला होता. आमच्या माणसानं तासाभरात बदलला.

सुनंदाताईंना सगळं खरं सांगितलं.

"म्हणजे तीन हप्ते तुम्ही बंद जिनिंग पाहून राह्यल्या होत्या?"

"हो."

"तिथं तर कबुतरं राह्यतात, मॅडम." मग म्हणाल्या, "त्या आठ पोराइले आता तुम्हीच फोन लावा. माह्यावर ते भरोसा ठेवणार नाईत."

लावले. आठही जणांना. प्रत्येकाला सांगितलं, चूक ताईंची नव्हती, माझी होती. तीन जण परत आले... बाकीचे येतील की नाही, माहीत नाही.

आता ग्राफ काढायच्या आधी मी यंत्राला पोर्टचं नाव विचारते. नाव जुळलं तरच पुढचा आकडा. नव्या लोकांना हे शिकवताना मी एखाद्या नियमासारखं सांगते, पण तो नियम कोणाचा ते आजवर सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिलं.

त्या मंगळवारी संध्याकाळी शेगावला आईला फोन केला. बाबा गेल्यापासून ती एकटीच असते.

"कोण बोलून राह्यलं?" मी विचारलं.

मला वाटलं, रेंज गेली...

मग भरभर आवाज आला, "कमल वामन ठोंबरे."

"बरोबर हाय," मी म्हणाले.

'ठेव' म्हणायचं राहून गेलं. फोन दोघींनीही ठेवला नाही.