बाजूच्या सीटवर कोण बसणार?

"एसी पाहिजे की साधी?"

शववाहिकावाल्याने आज सकाळी फोनवर पहिला प्रश्न हा विचारला.

मग म्हणाला, फुलांची सजावट एक्स्ट्रा. काचेची पेटी एक्स्ट्रा. स्पीकर लावायचा तर तोही एक्स्ट्रा.

मुलगा फोन धरून माझ्याकडे बघत राहिला. मला मेलीला रडता रडता हसू फुटलं.

कारण ह्यांनी जन्मभर हेच तर विकलं हो!

(नात टाइप करतेय, मी सांगतेय. चुका तिच्या.)

आमचे हे ऑपेरा हाउसजवळ एका शोरूममध्ये सेल्समन होते. परदेशी गाड्यांच्या. राहायचो गिरगावात, चाळीतल्या एका खोलीत, आणि दिवसभर हे शेटलोकांना स्पोर्ट्स कार दाखवायचे.

नवीन लग्न. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली.

तेव्हा गिरणीमालकाच्या एका मुलाने ह्यांचं डोकं खाल्लं होतं. इंग्लिश टू-सीटर घेऊ की इटालियन? लाल की क्रीम? तारांची चाकं लावू का? रेडिओ? कातडी सीट?

आणि हीटर!

"मुंबईत हीटर?" मी विचारलं.

"एक्स्ट्रा आहे ना, म्हणून हवा," हे म्हणाले.

एक दिवस कडकडीत हरताळ होता. आणि हा शेट सकाळीच शोरूमवर हजर. काय तर म्हणे, "आज रस्ते मोकळे आहेत, ट्रायल घेऊ!"

नोकरी होती. हे गेले.

दुपारी गोळीबाराची बातमी आली. आमच्या गल्लीत अश्रुधूर. चाळीतल्या बायका वरून पोरांना ओले रुमाल टाकत होत्या. मीही ह्यांचे होते नव्हते ते सगळे रुमाल भिजवून टाकले.

पण डोळे रस्त्यावर. ह्यांच्यासारखा पांढरा शर्ट दिसला की कठड्यावरून अर्धी बाहेर वाकायचे.

चालत आले तर पोलिसांची गोळी. गाडीतून आले तर आपल्याच पोरांचे दगड. कशासाठी देवाला हात जोडू, तेच कळेना.

"येतलो गो तो. रडा नको," शेजारची मालवणी मावशी म्हणत होती. आणि स्वतः पदराने डोळे पुसत होती.

दिवेलागणीला हे आले. टाय खिशात, घसा बसलेला.

लालबागला जमावाने गाडी अडवली होती. "कोणाची गाडी रे?"

टप उघडा होता. हे सरळ सीटवर उभे राहिले आणि ओरडले, "संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" बाजूला शेट सगळ्यांत मोठ्याने ओरडला. भीतीने, दुसरं काय!

पोरांनी बॉनेटवर खडूने तेच लिहिलं आणि गाडी सोडली.

"शेट, हे एक्स्ट्रा फुकट," हे त्याला म्हणाले.

"मग एवढा उशीर का? मी मेले ना इथे!" मी म्हटलं.

"अगं, वरळीला बंगल्यावर पोचलो तरी त्याचं तेच. हीटर घेऊ का? शेवटी मी विचारलं, शेट, बाजूच्या सीटवर कोण बसणार? हीटर विसरलाच. त्याची बायको वेगाला घाबरते."

"आणि?"

"आणि काय, मी निघालो चालत. माझी बाजूची सीट इथे रडत बसली असणार, माहीत होतं."

मी ह्यांना बुक्की मारली. मग पोटभर रडले.

"माझे रुमाल कुठे गेले सगळे?" हे विचारत होते.

त्या शेटने पुढे चार दारांची साधी गाडी घेतली. हे मात्र त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला तोच प्रश्न विचारायचे. आमची स्वतःची गाडी काही झाली नाही.

"आई, सांग ना. एसी?" मुलगा आज विचारत होता.

"मागे ह्यांच्या बाजूला बसायला सीट आहे का, विचार."

"आई, आपल्यात बायका स्मशानात..."

"विचार म्हटलं ना!"

आहे म्हणाला.

"मग साधी सांग. एक्स्ट्रा काही नको."

चंदनवाडीच्या स्मशानापर्यंत मी ह्यांच्या बाजूला बसून गेले. ब्रेक लागला तर ह्यांना धक्का बसेल, ही एकच धास्ती. सगळा रस्ता दोन्ही हातांनी धरून होते.

अहो, सावकाश जा. आज उशीर झाला म्हणून मी भांडणार नाही.

बाजूच्या सीटवर माझ्यासाठी तेवढा रुमाल टाकून ठेवा.