मायवरचं कव्हर

मी दुर्गजवळच्या लोखंडाच्या प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होतो. दिवसभर भट्टीचे नकाशे ट्रेसिंगवर उतरवायचे अन् अमोनियाच्या मशीनवर त्यांच्या प्रिंटा काढायच्या. जेवणाच्या सुट्टीत मी माणसांची व्यंगचित्रं काढायचो. मजुरांच्या कॅम्पातली झोपडी सोडून प्लांटच्या सेक्टरातल्या क्वार्टरात गेले की लोक कसे बाबू होऊन जातात, हाच माझा विषय. रेडिओले विणलेलं कव्हर, सोफ्याले कव्हर, पावणा गेला की पुन्हा कव्हर! अशा चित्राची प्रिंट टेबलाटेबलावरून फिरायची अन् मी फुगून जायचो. तोंडाचा फटकळ होतो, हाताचाही.

त्याच ऑफिसात माझा एक दोस्त होता. आमी दोघं नागपूरकडून संगंच आलो, दोघंही धम्मदीक्षा घेतलेल्या घरचे. कॅम्प-१ मध्ये एकाच झोपडीत राहून त्याच्या मायच्या हातच्या भाकरी खाल्ल्या. क्वार्टर भेटल्यावर त्यानं पाटीवरून आडनाव काढून टाकलं. शेजाऱ्यायले सांगितलं, आमी इंदूरचे. मायच्या नागपुरी बोलीनं सारं उघडं पडलं असतं, म्हणून पावणे आले की ती मुकी! "तिचा गळा खराब आहे," असं हा सांगे. मायनं मले हे सांगितलं तेव्हा ती पदरात तोंड घालून रडली. असा राग आला बाप्पा!

दुसऱ्याच दिवशी चित्र काढलं. रेडिओवर कव्हर, सोफ्यावर कव्हर, अन् कोपऱ्यातल्या म्हातारीवरही तेच झालरीचं कव्हर. खाली हिंदीत लिहिलं, "घर की चीज़ें ढँककर रखिए." नाव कोणाचंच नाही. पण चित्रात तरी मायले मुकी कशी ठेवू? कव्हराआडून तिच्या तोंडचा, आमच्या नागपूरकडचा 'का' विचाराचा शब्द काढला: "कावून?"

तिथंच माती खाल्ली. सारं ऑफिस हसलं. दोस्ताच्या शेजारच्या क्वार्टरातला बाबू मात्र हसता हसता थांबला. "अरे, ये 'कावून' तो हमारी दीवार के उस पार रोज़ सुनाई देता है!" मंग चौकशी झाली, कुठले, कोणत्या जातीचे. आठ दिवसांत शेजारणीनं त्यांच्या घरचा चहा घेणं बंद केलं.

मी माफी मागाले गेलो. दोस्त दारातच उभा राहिला. "अब जाइए आप," एवढंच म्हणाला. माझ्याशी तो आजवर कधी हिंदीत बोलला नव्हता. मले मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानं मायले गावी धाडायचं ठरवलं. गावात तिचं कोणीच उरलं नव्हतं. मी दुर्ग स्टेशनावर गेलो तर ती गाठोडं मांडीवर घेऊन डब्यात बसली होती.

"बाबू, मी तं कोणासमोर एक शब्द बोलली नाही. मंग हा मले कावून पाठवून राहिला?"

चित्राची गोष्ट तिले कोणीच सांगितली नव्हती. मीही नाही सांगितली, हिंमतच झाली नाही. गाडी हलली. काहीतरी बोलाचं म्हणून मी बोललो, "गळ्याले जप, माय."